जखमी घार आणि दवाखान्याचे दार

संक्रांतीचा दिवस सरला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वस्त्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. पिंपळाच्या फांदीत मांजा अडकलेला असतो आणि त्यात पंख गुंतलेली एखादी घार उलटी लोंबकळत असते. खाली पोरे जमतात. कुणी दगड भिरकावतो. कुणी म्हणतो, "घार आहे ती, मरू दे. कोंबडीची पिल्ले उचलून नेते." कबुतर असते तर कुणीतरी शिडी आणली असती. घारीसाठी शिडी सहसा येत नाही. म्हणून आजच्या कुटुंबाच्या पानावर आम्ही मुद्दाम घारीविषयी लिहीत आहोत.

दिल्लीचे दोन भाऊ

नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दिल्लीतले दोन भाऊ. १९९०च्या दशकात, दोघेही कोवळ्या वयाचे असताना, त्यांना एक जखमी घार सापडली. ती घेऊन ते पक्ष्यांच्या एका दवाखान्यात गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की, घार मांस खाणारी आहे, तिला इथे घेता येणार नाही. पाखराला जखम किती झाली आहे हे पाहण्याआधी ते खाते काय, हे पाहिले गेले.

ही गोष्ट दोघांच्या मनातून गेली नाही. २००३ सालापासून त्यांनी जखमी घारींवर स्वतःच उपचार सुरू केले. ते काही डॉक्टर नव्हते. हात धुण्याच्या साबणाची यंत्रे बनवण्याचा त्यांचा छोटा धंदा. तरुणपणी व्यायाम करताना शरीरातल्या स्नायूंची जी माहिती झाली होती, तीच त्यांची पहिली शिदोरी. वझीराबाद भागातल्या घराच्या तळघरात एकीकडे कारखाना आणि दुसरीकडे घारींचा दवाखाना, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. बराचसा खर्च खिशातून झाला. त्यांच्या 'वाइल्डलाइफ रेस्क्यू' या संस्थेने २०,०००हून अधिक पक्ष्यांवर उपचार केले आहेत. शौनक सेन यांनी या भावांवर 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट काढला. त्याला २०२२ साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि २०२३ साली ऑस्करचे नामांकनही मिळाले. पण पुरस्कार मिळाला म्हणून घारीची जखम भरत नाही. ती भरते रोजच्या शुश्रूषेने.

जखम कशी भरते

साधा मांजा म्हणजे कुटलेली काच लावलेला सुती दोरा. नायलॉनचा मांजा त्याहून वाईट, कारण तो सहजासहजी तुटतही नाही आणि कुजतही नाही. उडत्या घारीला तो दिसत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पडदा असतो आणि त्यात दोरीसारखी कंडरा असते. तिच्या जोरावर पंख ताणला जातो. मांजा नेमका इथे बसतो. घार जितकी धडपडते तितका तो आत जातो. कातडी, स्नायू, कंडरा आणि कधी कधी हाडापर्यंत.

जखम धुणे, मेलेले मांस काढणे, टाके घालणे, पंख अंगाशी बांधणे, हा झाला पहिला दिवस. खरे काम त्यानंतरचे. रोज पट्टी पाहावी लागते. पंख फार दिवस बांधून ठेवला तर सांधा आखडतो; लवकर सोडला तर टाके उसवतात. मांसाचे बारीक तुकडे वेळेवर भरवावे लागतात. बरी होत आलेली घार मोठ्या पिंजऱ्यात सोडून ती उडते कशी, वळते कशी, हे पाहावे लागते. नीट उडू न शकणारी घार घाईने सोडली तर ती उपाशी मरते. काही घारी पुन्हा कधीच उडत नाहीत. कंडरा पूर्ण तुटली असेल तर फारसे काही करता येत नाही, हे शुश्रूषा करणाऱ्याला पचवावे लागते.

"काय खाता?" हा प्रश्न

घार उंदीर खाते, मेलेली जनावरे खाते, खाटीकखान्याबाहेरचे आणि उकिरड्यावरचे मांस उचलते. शहराची घाण ती फुकट साफ करते आणि त्याच कारणाने तिला अमंगळ म्हटले जाते. माणसाची तुलना आम्ही पक्ष्याशी करत नाही. पण "तुम्ही काय खाता?" असे विचारून दार लावून घेणे म्हणजे काय, हे भाड्याची खोली शोधताना आपल्यापैकी कित्येकांनी अनुभवले आहे. म्हणून या गोष्टीचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बाणाने जखमी झालेल्या पक्ष्यावरून सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा वाद झाला, ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. निर्णय वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला. त्या वादात पक्षी काय खातो, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

घरोघरी एवढे करावे

जखमी घार दिसली तर तिच्यावर जाड चादर किंवा टॉवेल टाकावा. डोके झाकले की ती शांत होते. चोचीपेक्षा तिच्या नख्यांना जपावे. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. जखमेत रुतलेला मांजा ओढू नये. बाहेरचा दोरा तेवढा कापावा. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. दूध-भात भरवू नये. हळद किंवा चुना लावू नये. ती घरी पाळूही नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला मनाई आहे.

वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे. पक्षी विजेच्या तारेवर अडकला असेल तर स्वतः काठी लावू नये, अग्निशमन दलाला कळवावे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो. दुचाकीवरून कामाला निघालेल्या माणसांचे गळेही याच मांजाने चिरले आहेत. माता-भगिनींनी संक्रांतीपूर्वी मुलांची फिरकी एकदा हातात घेऊन पाहावी. सण झाल्यावर मुलांना बरोबर घेऊन हाताला येईल तेवढा मांजा गोळा करावा आणि बारीक कापूनच कचऱ्यात टाकावा. आणि यंदा पिंपळावर घार लोंबकळताना दिसली, तर मोठ्यांपैकी कुणीतरी शिडी आणायला निघावे.