पदवी एकच, शिक्षण एक नव्हे

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अग्रस्थानी असतो. निकाल लागला की मालवणच्या घराघरांत एकच खल सुरू होतो : मुलास मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात धाडावे, की गावच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयातच ठेवावे? दोन्हीकडे पदवी मुंबई विद्यापीठाचीच. मग खोलीभाड्याचा नि खाणावळीचा भुर्दंड कशाला, हा पालकांचा हिशेब दीर्घकाळ बिनतोड होता. परंतु २०१० साली सेंट झेवियर्स स्वायत्त झाले, पुढे रुइयासारखी महाविद्यालयेही झाली. ती अभ्यासक्रम स्वतः आखतात, परीक्षाही स्वतःच घेतात. समान उरले ते पदवीवरील विद्यापीठाचे नाव.

लहान वर्गात प्राध्यापक विद्यार्थ्यास नावाने ओळखतात, हे खरेच. पण पुरेसे विद्यार्थी नसले की ऐच्छिक विषयच बंद पडतो. ती उणीव ओळखीने भरून निघत नाही. मुलींच्या बाबतीत तर (हे उघडपणे कोणी बोलत नाही) पुष्कळ घरांत अशी तुलनाच होत नाही. त्यांच्यापुढे गावचे महाविद्यालय किंवा चूल, एवढेच पर्याय असतात. तेव्हा विषय चालू ठेवताना केवळ विद्यार्थिसंख्या मोजली जाऊ नये; किनाऱ्यावरील महाविद्यालयांसाठी शासनाने वेगळे माप लावावे.