वजन घटवणारी इंजेक्शने : वार बदलता येतो, मात्रा परस्पर नाही

मार्च २०२५मध्ये टिर्झेपटाइड ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोवी’ आले. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपली. आठवड्यातून एकदा घ्यायची ही इंजेक्शने आता ओळखीपाळखीतल्या कुणी ना कुणी घेतलेली असतात. त्यामुळे सल्लागारही घरोघरी झाले आहेत. ‘डोस वाढव’, ‘या आठवड्यात नको घेऊस’, ‘अर्धाच घे’ असे हे सल्ले एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज : पहिली मात्रा नावापुरती असते. मोठ्या मात्रेपासून सुरुवात केली तर वेळ वाचतो.

वस्तुस्थिती : वेगोवीची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ अशी मात्रा वाढते. म्हणजे २.४पर्यंत पोहोचायलाच सोळा आठवडे लागतात. मौंजारो २.५ मिलिग्रॅमने सुरू होते. चार आठवड्यांनी ५, आणि पुढे गरज असेल तरच, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबून, २.५ने वाढवत जास्तीत जास्त १५. पहिल्या मात्रेने वजन उतरावे अशी अपेक्षाच नसते. ही औषधे भूक कमी करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. पोटाला त्याची सवय व्हावी म्हणून ही पायरी आहे. ती गाळली की मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठता मागे लागते आणि अनेकदा औषधच सोडावे लागते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तशातली ही गत.

गैरसमज : इंजेक्शन चुकले, तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यावे.

वस्तुस्थिती : दुप्पट कधीच घ्यायचे नाही. वेगोवी चुकली आणि पुढच्या ठरल्या दिवसाला दोन दिवसांहून अधिक अवकाश असेल, तर आठवताच घ्यावी. नाहीतर तो आठवडा सोडून द्यावा. मौंजारो ठरल्या वेळेपासून चार दिवसांच्या आत घेता येते. समजा, तुमचा वार रविवार आहे. बुधवारी आठवले तर दोन्हीपैकी कोणतेही औषध घेता येईल. शनिवारी आठवले तर थांबायचे आणि रविवारी नेहमीचीच मात्रा घ्यायची. लागोपाठ दोन किंवा अधिक इंजेक्शने चुकली असतील, तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. मधल्या काळात पोटाची सवय मोडलेली असते, कधी कधी खालच्या मात्रेपासून चढावे लागते.

गैरसमज : वार आणि वेळ एकदा ठरली की बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : दिवसातली कोणतीही वेळ चालते, जेवणाआधी की नंतर यानेही फरक पडत नाही. प्रवास, पाळीची नोकरी अशा कारणाने वारही बदलता येतो. फक्त दोन इंजेक्शनांत वेगोवीसाठी किमान दोन दिवस आणि मौंजारोसाठी किमान तीन दिवस जायला हवेत.

गैरसमज : लग्नाची पंगत असली की एक इंजेक्शन टाळावे. तसेही दहा-पंधरा दिवसांनी घेतले तर पैसे वाचतात.

वस्तुस्थिती : सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला सुमारे पाच दिवस. त्यामुळे एक आठवडा टाळला तरी औषध शरीरात असतेच. त्यावर तळणीचे आणि गोडाचे भरपेट जेवण झाले तर रात्र ओकाऱ्यांत जाते. उलट सेमाग्लुटाइड चौदा दिवसांनी किंवा टिर्झेपटाइड दहा दिवसांनी घेतले, तर आधीच्या मात्रेचा जेमतेम पाव हिस्सा उरलेला असतो. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, अंतर आपल्या मनाने वाढवू नये.

गैरसमज : सिरिंजवरचे युनिट म्हणजेच औषधाची मात्रा.

वस्तुस्थिती : ही चूक सर्वांत महागात पडते. मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीत अर्धा मिलिलिटर द्रव असतो आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीतही अर्धाच. इन्सुलिनच्या शंभर युनिटच्या सिरिंजमध्ये दोन्ही ५०च्या रेघेपर्यंतच भरतात, पण दुसऱ्यात औषध दुप्पट असते. २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने औषधालयांत मिश्रण करून दिलेल्या सेमाग्लुटाइडबाबत इशारा दिला होता. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांत गल्लत होऊन काहींनी ठरल्याच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते. कुपीवरची मिलिग्रॅमची संख्या प्रत्येक वेळी वाचा.

गैरसमज : मात्रा जितकी जास्त, तितके वजन कमी.

वस्तुस्थिती : टिर्झेपटाइडच्या ७२ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत ५ मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरले, १५ मिलिग्रॅमवर २०.९ टक्के. मात्रा तिप्पट झाली, फायदा तिप्पट झाला नाही. कमी मात्रेवर वजन नीट उतरत असेल तर वर चढण्याची सक्ती नाही.

गैरसमज : मात्रा वाढली तरी बाकीच्या गोळ्या तशाच चालतात.

वस्तुस्थिती : टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटू शकतो. म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वाढीनंतरचे चार आठवडे निरोधसारखे दुसरे साधन वापरावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांची मात्रा वेळीच कमी करावी लागते, तीही डॉक्टरांनीच.

गैरसमज : वजन उतरले की इंजेक्शन थांबवावे.

वस्तुस्थिती : सेमाग्लुटाइडच्या चाचणीतील लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत आला. म्हणून थांबवायचे की कमी मात्रेवर राहायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

पोटात असह्य वेदना होऊन त्या पाठीत जात असतील, किंवा उलट्या थांबत नसतील, तर पुढचे इंजेक्शन घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा. एरवी शंका आली की डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा : औषधाचे नाव, मात्रा किती मिलिग्रॅम, आणि शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले. शेजाऱ्याला मानवलेली मात्रा हा तुमचा प्रिस्क्रिप्शनचा कागद नव्हे.