सोंग गावाचं, दावा कुणाचा?

लेखमाला : मालकी आणि मशीन, भाग ७

मागच्या भागात आपण पाहिलं की पैसे मोजून घेतलेलं ई-पुस्तकही आपलं नसतं. २००९ साली अॅमेझॉनने वाचकांच्या किंडलमधून ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली, ती त्यामुळेच. या वेळी उलट्या बाजूने बघू. जी गोष्ट निर्विवादपणे आपली आहे, ती इंटरनेटवर गेल्यावर आपली राहते का? त्यासाठी मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या पंचक्रोशीत जायला हवं.

शिमग्याच्या आगेमागे जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात बोहाड्याचे वेध लागतात. तालुक्यातल्या वाचकाला बोहाडा समजावून सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या साथीवर देवदेवतांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून गावातलीच माणसं सोंगं नाचवतात. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, नरसिंह येतो आणि अखेरीस देवी महिषासुराला मारते. मुखवटा जड असतो. तो कापडाने डोक्याला आवळून बांधलेला असतो आणि नाचणाऱ्याला समोरचं जेमतेम दिसतं. वाजवणारा त्याच्या पावलांवर नजर ठेवून ठेका धरतो, पाऊल अडखळलं की संबळही क्षणभर थांबते. कुठलं सोंग कुणी नाचवायचं हे आयत्या वेळी ठरत नाही. सोंगाचा मान परंपरेने घराण्याकडे असतो, बापाकडून मुलाकडे येतो. मान दुसऱ्याने घेतला तर गावात बोलाचाली होते, चार जाणती माणसं बसतात आणि निवाडा करतात. म्हणजे हक्क कुणाचा, तो कसा मिळतो, मोडला तर काय करायचं, या सगळ्याची व्यवस्था तिथे आहे. ती कागदावर नाही एवढंच.

आता बोहाड्याच्या मैदानावर शंभर मोबाइल वर झालेले असतात. त्यात वाईट काही नाही. भातकापणी उरकली की या भागातली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवर अडकलेल्याला आपल्या गावचा बोहाडा फोनवर दिसला, तर ते तंत्रज्ञानाचं चांगलंच काम आहे. चित्रीकरण बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण समजा, गावातल्या एका मुलाने देवीच्या सोंगाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. चार दिवसांनी त्याला सूचना येते : तुमच्या व्हिडिओतल्या संगीतावर अमुक कंपनीचा दावा आहे, जाहिरातींचं उत्पन्न त्यांच्याकडे जाईल. मुलगा चक्रावतो. संबळ त्याच्या चुलत्याने वाजवलेली आणि चाल आजोबांच्या आधीपासूनची. मग कंपनी आली कुठून?

ती येते 'कंटेंट आयडी' नावाच्या यंत्रणेतून. तिचा जन्म कसा झाला हे पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं. गूगलने २००६ च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूब १६५ कोटी डॉलरना विकत घेतलं. मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम या करमणूक कंपनीने शंभर कोटी डॉलरचा दावा ठोकला : आमचे कार्यक्रम लोक फुकट चढवतात आणि तुम्ही बघत बसता. त्याच वर्षी यूट्यूबने कंटेंट आयडी आणलं. मोठ्या हक्कधारकाने आपल्या गाण्यांच्या, चित्रपटांच्या फायली जमा करायच्या, यंत्र त्यातून एक प्रकारचा ठसा तयार करणार आणि नव्याने चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून बघणार. जुळलं की हक्कधारकाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे तो व्हिडिओ अडवायचा, नुसती नोंद ठेवायची किंवा त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचे. बहुतेक हक्कधारक पैसे घेतात. डिसेंबर २०२२ पर्यंत या मार्गाने त्यांना ९०० कोटी डॉलर मिळाल्याचं यूट्यूबच सांगतं.

मराठी चित्रपटाच्या संगीतकाराला यातून रास्त पैसे मिळत असतील तर उत्तमच, ते त्याच्या कष्टाचे आहेत. पण ही यंत्रणा मालक शोधत नाही. ज्याने आधी फाइल जमा केली त्याला ती मालक धरते. आणि फाइल जमा करायची मुभा सगळ्यांना नाही. बरंच साहित्य स्वतःच्या एकट्याच्या हक्काचं असलेल्यांनाच ती मिळते, म्हणजे व्यवहारात कंपन्यांना. बोहाड्याच्या मानकऱ्याला त्या दारातून आत जाता येत नाही. एखाद्या कंपनीने मात्र शहरातल्या स्टुडिओत कलावंत बसवून तीच पारंपरिक चाल वाजवून घेतली आणि जमा केली, तर यंत्र सूरही ताडून बघतं. जी चाल सर्वांची आहे, तिच्यावर कुणी एकट्याने दावा सांगू नये असा यूट्यूबचा नियम आहे. पण तो मोडला हे दाखवून द्यायचं काम मुलाच्या गळ्यात पडतं.

पक्ष्यांच्या आवाजावरही असा दावा झाला आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका माणसाने रानभाजीवर व्हिडिओ केला, मागे पाखरं किलबिलत होती. संगीताचे परवाने विकणाऱ्या एका कंपनीच्या नावाने त्यावर दावा लागला. त्याने हरकत घेतली तेव्हा कंपनीने दावा कायम ठेवला. बोभाटा झाल्यावर मात्र चूक कबूल करून मागे घेतला. ही निदान चूक होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने अॅरिझोनातल्या दोघांवर आरोपपत्र दाखल केलं. त्यांनी लॅटिन संगीताची पन्नास हजारांहून अधिक गाणी 'आमची आहेत' असं सांगून दोन कोटी डॉलरांहून जास्त रक्कम लाटली होती. हे चार वर्षं चाललं. मूळ कलावंतांनी यंत्रणेत काही जमा केलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

मग लोक हरकत का घेत नाहीत? यूट्यूबने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडे बघा. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत कंटेंट आयडीतून ७२ कोटींहून अधिक दावे झाले. हरकत घेतली गेली सुमारे ३७ लाखांवर, म्हणजे शेकडा एकही नाही. त्यातल्या साधारण ६० टक्के हरकतींचा निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. भांडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकतात आणि तरी शंभरातले नव्याण्णव भांडत नाहीत. कारण हरकतीवर उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस असतात आणि तोवर व्हिडिओ शिळा होतो. वाद वाढला तर कॉपीराइटचा 'स्ट्राइक' बसू शकतो. असे तीन बसले की अख्खं चॅनेल जातं, ही भीती डोक्यावर असते. चुकीचा दावा करणाऱ्याला मात्र दर चुकीमागे दमडीही मोजावी लागत नाही.

यात कुणी गावावर दात धरून बसलेलं नाही. हिशेबच तसा आहे. लांब व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलचालकाला आणि ४५ टक्के यूट्यूबला, ही नेहमीची वाटणी. ५५ टक्के कुणाच्या खिशात गेले, याने ४५ टक्क्यांत फरक पडत नाही. मोठी कंपनी दुखावली तर शंभर कोटी डॉलरचा दावा येऊ शकतो, पोशेऱ्याचा मुलगा दुखावला तर काहीही येत नाही. प्रत्येक दावा माणसाने तपासायचा तर पगार द्यावे लागतात. आणि उत्पन्नात वाटा हवा तर साधारण हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहिलं गेल्याची अट आहे. २०२०-२१ मध्ये बदललेल्या शर्तींनुसार ही अट न गाठलेल्या चॅनेलवरही यूट्यूब जाहिराती दाखवू शकतं, चालकाला एक पैसा न देता. दोनशे सदस्यांच्या चॅनेलवरच्या बोहाड्याला हेच लागू आहे. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

आपला कायदा मात्र इतका आंधळा नाही, आणि ही गोष्ट मानकऱ्यांपर्यंत पोहोचलेली नाही याचं मला फार वाईट वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात पुढे 'सादरकर्त्याचे हक्क' आले. सादरकर्ता कोण, हे सांगताना कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी आणि गारुड्याचंही नाव घेतलं आहे. सोंग नाचवणारा आणि संबळ वाजवणारा त्यात बसतात याविषयी मला शंका नाही. कलम ३८ नुसार हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३८-क आणि ३८-ख कलमांनी आणखी दोन गोष्टी दिल्या : व्यापारी वापर झाला तर सादरकर्त्याला मानधनाचा वाटा, आणि सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागण्याचा हक्क. घरी बघण्यासाठी केलेलं चित्रीकरण किंवा शिक्षण-संशोधनातला प्रामाणिक वापर यातून सुटतो, तो सुटावाही. ज्याने व्हिडिओ केला त्याचा त्या चित्रफितीवर वेगळा हक्क असतो, पण त्यामुळे नाचणाऱ्याचा हक्क बुडत नाही. कुणी माहितीपटवाला कागद पुढे करून सही मागतो तेव्हा नेमकं हेच सोडून दिलं जातं. लेखी करारात एकदा संमती दिली की पुढे हरकतीला फारशी जागा उरत नाही. म्हणून सही करण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

भौगोलिक मानांकनाचं काय, असं कुणी विचारेल. वारली चित्रकलेला ते २०१४ मध्ये मिळालं आणि त्यासाठी झटणारी मंडळी आपल्याच जिल्ह्यातली होती. पण मानांकन वस्तूला असतं. रात्रभर चालणाऱ्या सोंगाला त्याचा उपयोग नाही.

जवळचं उदाहरण न्यूझीलंडमधलं आहे. तिथल्या रग्बी संघाचा सामन्याआधीचा 'का माते' हा हाका, म्हणजे नाचत केलेला घोष, जगभर माहीत आहे. तो न्गाती तोआ जमातीचा आहे आणि त्यांचा पुढारी ते राउपाराहा याने सुमारे २०० वर्षांपूर्वी रचलेला आहे. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपलेली. तरी २०१४ मध्ये तिथल्या संसदेने या एका हाकासाठी स्वतंत्र कायदा केला. चित्रपटात किंवा जाहिरातीत तो वापरला, तर रचणारा कोण आणि जमात कोणती हे ठळकपणे लिहायचं. कायदा पैसे मागत नाही, बंदीही घालत नाही. शाळेत शिकवायला, बातमी द्यायला मोकळीक आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण मोखाडा आणि जव्हार हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४(घ) नुसार लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. पेसा म्हटलं की आपल्याकडे तेंदूपत्ता, बांबू, वाळू यांचीच चर्चा होते. ग्रामसभेने बोहाड्यावर ठराव करायला काहीच अडचण नाही.

ठरावात काय असावं? कोणतं सोंग कोणत्या घराण्याकडे आहे याची यादी. वाजवणाऱ्यांची नावं. घरगुती चित्रीकरण खुलं, पण व्यापारी वापरासाठी मानकऱ्यांची आणि ग्रामसभेची लेखी संमती लागेल ही अट. व्हिडिओखाली गावाचं आणि मानकऱ्यांचं नाव लिहिण्याची विनंती. आणि गावाने स्वतःच अखंड, स्वच्छ आवाजातलं चित्रीकरण करून तारखेसह जपून ठेवावं. उद्या कुणी चालीवर दावा सांगितला तर पुरावा म्हणून तेच कामी येईल.

असा ठराव कॅलिफोर्नियातल्या कंपनीवर थेट बंधनकारक नाही. पण परवानगीवाचून कुणी सोंगाचा धंदा केला, तर यूट्यूबच्या कॉपीराइट तक्रारीचा अर्ज सर्वांना खुला आहे, त्याला कंटेंट आयडीची पात्रता लागत नाही. भारतीय कायद्याचाही मार्ग आहे. कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर मंचाने समाधान झाल्यास ३६ तासांत तो मजकूर एकवीस दिवसांसाठी बंद करायचा असतो. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. एकवीस दिवसांत मोखाड्याहून न्यायालय गाठणं सोपं नाही. तालुका विधी सेवा समितीकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि त्या मुलाने आधी त्याच्या हातात असलेलं काम करावं : सूचनेखालच्या हरकतीच्या रकान्यात 'ही पारंपरिक चाल आहे, वादन आमच्या गावातलं आहे' असं लिहून, वाजवणाऱ्याचं नाव आणि तारीख देऊन ती पाठवावी.