विंचवाचे विष आणि पाठीतली भूल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दगडांच्या आणि सरपणाच्या आडोशाला आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष आणि शस्त्रक्रियेपूर्वी पाठीतून दिले जाणारे भुलीचे औषध यांचे परिणाम परस्परविरुद्ध असले, तरी दोहोंचे एक प्रमुख लक्ष्य समान आहे, ते म्हणजे चेतातंतूंच्या आवरणातील सोडियम वाहिन्या. या प्रथिनांच्या वाटेने सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत शिरले की तंतूत संदेश उमटतो आणि वाहिन्या क्षणार्धात मिटल्या की तो शमतो. विषातील काही घटक हे मिटणे लांबवतात, त्यामुळे तंतू पुन्हापुन्हा उद्दीपित होऊन असह्य कळा येतात. उलट लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन ही औषधे वाहिनीत आतून बसून तिचा मार्गच अडवतात.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, त्यानंतर चारच वर्षांनी जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीर यांनी कोकेन वापरून पाठीतून भूल देण्याचा यशस्वी प्रयोग केला. प्रौढांचा मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपत असल्याने आजही सुई त्याखाली टोचतात आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात केवळ दोन-तीन मिलिलिटर औषध सोडतात. हे औषध मुख्यतः चेतामुळांवर काम करते. तापमान आणि वेदना यांची जाणीव आधी हरपते, स्पर्श आणि हालचाल त्यानंतर.

सिझेरियनच्या वेळी याच इंजेक्शनात अनेकदा अल्प प्रमाणात मिसळले जाणारे फेंटानिल मात्र पुढच्या टप्प्यावर काम करते. वेदनेचे तंतू मज्जारज्जूच्या मागील भागात, म्हणजे पृष्ठशृंगात, आपला संदेश रासायनिक द्रव्यांद्वारे पुढील पेशींच्या हाती देतात. फेंटानिल त्या द्रव्यांचा स्राव रोखते आणि संदेश घेणाऱ्या पेशींची उत्तेजना घटवते. स्नायूंचे बळ त्यामुळे कमी होत नाही, म्हणून या दोन औषधांच्या जोडीने बुपिव्हाकेनची मात्रा कमी ठेवूनही वेदना आटोक्यात राहते.

विंचू एकापेक्षा अधिक वेळा चावलेल्या काही रुग्णांना पाठीतून दिलेली भूल चढली नाही, अशा नोंदी भारतीय भूलतज्ज्ञांनी केल्या आहेत. विषाशी वारंवार संबंध आल्याने वाहिन्यांत बदल होत असावा, हा तर्क अद्याप सिद्ध झालेला नसला, तरी पूर्वीच्या विंचूदंशाची माहिती शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना देणे हिताचे ठरते, कारण भूल अपुरी पडल्यास पर्यायी पद्धतीची तयारी त्यांना आधीच ठेवता येते.