रकान्यांचे रंग नीट वाचा



पावसाळा लागला की हवामान खात्याचा तक्ता मोबाईलवर फिरू लागतो. एका बाजूला जिल्हे, दुसऱ्या बाजूला तारखा आणि प्रत्येक चौकटीला रंग. हिरवा म्हणजे निवांत, लाल म्हणजे पूर, एवढेच पुष्कळजण धरून चालतात. पण प्रकार इतका सोपा नाही.

हिरवा म्हणजे इशारा नाही. पाऊस मुळीच नाही असे नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. मात्र रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. पावसाची शक्यता किती आणि नुकसान किती होईल, हेही त्यात धरतात.

आता हे रंग भरतात कसे? संगणकाला प्रत्येक चौकटीसाठी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत सांगतात. लाल-हिरवा पूर्ण आणि निळा शून्य, की पिवळा झाला. त्यातला हिरवा कमी करा, नारिंगी. हिरवाही शून्य करा, लाल.

गोम इथेच आहे. तक्त्याची साधी झेरॉक्स काढली की रंग जातात, नुसता करडा उरतो. काहींना लाल-हिरव्यातला फरक मुळातच कळत नाही. म्हणून चौकटीत रंगाबरोबर शब्दही हवा.

दुसरे म्हणजे, आपली चौकट हिरवी असली तरी घाटाची पाहा. पाऊस मावळात पडतो, पवना धरणातून पाणी सुटते आणि नदी चिंचवडला चढते. २५ जुलै २०२४ ला मुसळधार पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग यांमुळे पुण्यात एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले, हे आपण पाहिलेच आहे. नदीकाठच्या सभासदांनी मोटार वेळीच वर घेतलेली बरी.

गावच्या फळ्यावर तक्ता उतरवताना रंगाचे नाव अक्षरांत लिहावे आणि तारीख-वेळ जरूर घालावी. कालचा हिरवा आज कामाचा नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.