अतितनु कार्बनलेप आणि धातूंचे सामर्थ्य

धातूच्या पृष्ठावर कार्बनाचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप दिला असता धातू अधिक बळकट होतो, असे विधान संशोधनसाहित्यात वारंवार आढळते. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. लेपामुळे नेमका कोणता गुणधर्म बदलतो, तो किती खोलीपर्यंत बदलतो आणि किती आकाराच्या नमुन्यात तो बदल दिसून येतो, हे सांगितल्यावाचून त्याला निश्चित अर्थ येत नाही.

प्रथम साधा हिशेब करून पाहावा. तांब्याची १ मिलिमीटर व्यासाची तार घेतली व तिच्यावर १० नॅनोमीटर जाडीचा कार्बनलेप दिला, तर तारेच्या छेदक्षेत्रात लेपाचा वाटा सुमारे ०.००४ टक्के एवढाच येतो. लेपाचे स्वतःचे सामर्थ्य १० गिगापास्कल धरले, तरी तारेच्या सरासरी सामर्थ्यात त्याची भर अवघी ०.४ मेगापास्कल पडेल. मऊ केलेल्या तांब्याचे ताणसामर्थ्य २०० मेगापास्कलच्या आसपास असते. तेव्हा लेप धातूचा भार वाटून घेतो व म्हणून धातू बळकट होतो, ही कल्पना येथे टिकत नाही. लेपाचा परिणाम होतो तो अन्य मार्गाने.

तो मार्ग समजण्यासाठी धातूची कायमची विकृती कशी घडते, हे ध्यानात घ्यावे लागते. १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, स्फटिकातील अणूंचे दोन थर एकमेकांवरून एकाच वेळी घसरत नाहीत. जालकातील रेषारूप दोष, म्हणजेच स्थानभ्रंश, क्रमाक्रमाने पुढे सरकतात व त्यामुळे अल्प प्रतिबलातही घसरण होते. असा स्थानभ्रंश मोकळ्या पृष्ठापाशी पोहोचला की तो स्फटिकाबाहेर पडतो आणि पृष्ठावर एक सूक्ष्म पायरी उरते. तांब्यात या पायरीची उंची सुमारे पाव नॅनोमीटर असते. मोकळे पृष्ठ हे स्थानभ्रंशाचे निर्गमनद्वार होय. त्याच १९३४ साली रॉस्को यांनी कॅडमियमच्या एकस्फटिकावर ऑक्साइडाचा अत्यंत पातळ थर असता स्फटिकाचा विकृतीला होणारा विरोध वाढतो, असे प्रयोगाने दाखविले. द्रव्य वेगळे असले, तरी कार्बनलेपाच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

लेप हे द्वार दोन प्रकारे अडवितो. पहिला प्रकार स्थितिस्थापक आहे. मोकळे पृष्ठ स्थानभ्रंशाला आपल्याकडे ओढते; उलट, धातूहून अधिक ताठर असा लेप त्याला दूर लोटतो. हेड यांनी १९५३ साली या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. तथापि पातळ लेपाचे हे अपसारण लेपाच्या जाडीएवढ्या अंतरापुरतेच प्रभावी असते. त्यापलीकडे मोकळ्या पृष्ठाचेच आकर्षण वरचढ ठरते. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. पायरी निर्माण व्हावयाची तर लेप तरी कापला गेला पाहिजे किंवा धातूपासून सुटला पाहिजे. यांपैकी काहीच न झाल्यास स्थानभ्रंश लेपाखाली अडकतात, त्यांच्या मागे इतरांची रांग लागते आणि या रांगेचे उलट दिशेचे प्रतिबल पुढील घसरणीला विरोध करते.

यावरून आकाराचे महत्त्व स्पष्ट होते. जाड तारेतील बहुसंख्य स्थानभ्रंश पृष्ठापर्यंत पोहोचतच नाहीत. ते कणसीमांपाशीच थांबतात. हॉल (१९५१) व पेच (१९५३) यांच्या नावांनी ओळखला जाणारा नियम याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. नमुना मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान झाला की मात्र पृष्ठ निर्णायक ठरते. उचिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली निकेलच्या सूक्ष्म स्तंभांवर केलेल्या प्रयोगांत केवळ आकार घटल्याने सामर्थ्य वाढलेले आढळले. शियांग व व्लासाक यांनी २००५ साली तांब्याच्या तनुपटलांचा अभ्यास केला. पृष्ठ आच्छादिलेल्या पटलात, भार कमी करीत असतानाच उलट दिशेने विकृती सुरू होते, असे त्यांना आढळले; अडकलेल्या रांगेचे हे बोलके गमक होय. २०१३ साली कोरियन व अमेरिकन संशोधकांनी धातूच्या थरांमध्ये ग्राफीनचे एकाणुक थर घातले. थरांचे अंतर ७० नॅनोमीटर असलेल्या तांबे-ग्राफीन रचनेचे सामर्थ्य १.५ गिगापास्कल, तर १०० नॅनोमीटर अंतराच्या निकेल-ग्राफीन रचनेचे ४ गिगापास्कल भरले. हे आकडे सूक्ष्म स्तंभांच्या संपीडनाचे आहेत. त्यांवरून पत्र्याच्या वा सळईच्या सामर्थ्याचे अनुमान काढणे योग्य नव्हे.

मोठ्या वस्तूंना लेपाचा उपयोग नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. झीज, घर्षण व शिणवटा ही पृष्ठावर सुरू होणारी कार्ये आहेत. आवर्ती भाराखाली लोखंडाच्या पृष्ठावर घसरणीचे पट्टे उमटतात व त्यांतूनच तडे जन्मतात, हे यूइंग व हम्फ्री यांनी १९०३ सालीच पाहिले होते. चांगला चिकटलेला लेप हे पट्टे उमटण्यास विलंब लावू शकतो. परंतु ठिसूळ लेपाला आधीच तडा गेला, तर तोच तडा धातूत शिरण्यास वाट करून देतो. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील चुंबकीय थराचे रक्षण हिरकसदृश कार्बनाचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप करतो, तो सामर्थ्य वाढवून नव्हे, तर झीज व गंज रोखून.

लेप पातळ असणे हाच येथे गुण ठरतो. हिरकसदृश कार्बनात मोठे संपीडक प्रतिबल साठलेले असते. ते ५ गिगापास्कल व लेपाचा द्विअक्षीय स्थितिस्थापकता गुणांक ५०० गिगापास्कल धरल्यास, १० नॅनोमीटर लेपात दर चौरस मीटरमागे सुमारे अर्धा जूल ऊर्जा मोकळी होण्याजोगी असते. १ मायक्रोमीटर लेपात ती ५० जूल होते. आसंजनाची ऊर्जा याहून कमी असेल, तर जाड लेप आपोआप सोलून निघतो. म्हणूनच जाड लेपाखाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा मध्यस्तर देण्याची प्रथा आहे.

शेवटी मापनाविषयी. लेपाची स्वतःची कठिणता मोजताना टोचणीची खोली लेपाच्या जाडीच्या एकदशांशाहून अधिक नसावी, असा संकेत आहे. १० नॅनोमीटर लेपासाठी ही मर्यादा १ नॅनोमीटर येते, व एवढ्या उथळ टोचणीत पृष्ठाचा खडबडीतपणा आणि टोचणीच्या टोकाची गोलाई यांनीच मापन व्यापले जाते. अशा लेपांवर नेहमीच्या रीतीने मिळणारी संख्या लेप व धातू यांची संयुक्त कठिणता असते. तिला ‘लेपामुळे वाढलेली धातूची कठिणता’ म्हणणे सदोष होय. म्हणून लेपाची जाडी, धातूचा कणाकार, नमुन्याचे आकारमान आणि टोचणीची खोली या चार संख्या दिल्यावाचून सामर्थ्यवाढीचा कोणताही टक्का तुलनेस पात्र समजू नये.