अश्वस्पर्धा आणि प्रेक्षकांची टाळी

कुस्तीच्या फडांत प्रेक्षकांनीं आरोळी ठोकावी, फेटे उडवावे, हलगी कडाडावी, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. मल्लास त्या गजरानें बळच चढतें. क्रिकेटच्या मैदानावर तर शांत बसलेला प्रेक्षक हाच अपवाद. परंतु हा न्याय सर्वच खेळांना लावून चालत नाहीं. अश्वस्पर्धेंत खेळाडू दोन असतात, आणि त्यांपैकीं एकास टाळी म्हणजे काय हें जन्मतः ठाऊक नसतें. स्वारास जी शाबासकी वाटते तीच त्याच्या मांडीखालच्या जनावरास पत्र्यावर कोसळणाऱ्या गारांसारखी वाटूं शकते.

याचें कारण घोड्याच्या घडणींत आहे. गवताळ मैदानांत कळपानें राहणारा हा प्राणी हिंस्र पशूंचें भक्ष्य होता. संशय येतांच आधीं पळावें आणि मग विचार करावा, हीच त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची राखण. त्याचे डोळे मोठे असून मस्तकाच्या दोन बाजूंस बसविलेले असतात. त्यामुळें मान न वळवितां सुमारें 350 अंशांचा प्रदेश त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येतो. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा भाग तेवढा दृष्टिआड राहतो. कडेच्या नजरेस बारकावा फारसा कळत नाहीं, हालचाल मात्र तत्काळ कळते. तिसऱ्या रांगेंतील गृहस्थानें पाऊस आला म्हणून फटकन् छत्री उघडली, तर समोर पाहणाऱ्या स्वारास पत्ताही नसतो. घोड्यानें मात्र ती पाहिलेली असते. ती छत्री आहे हें त्यास कळत नाहीं. कांहीं तरी अकस्मात् मोठें झालें, एवढेंच कळतें.

कानांचीही तीच गोष्ट. माणसास सेकंदाला सुमारें 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. घोड्यास सुमारें 33,000 पर्यंतचा. शिवाय त्याचे कान स्वतंत्रपणें आवाजाच्या दिशेला वळतात. खाऊच्या पुड्याची चुरचुर शेजाऱ्यास जाणवत नसली तरी रिंगणांतील घोड्याचा एक कान तिकडे वळलेला दिसतो. जाणता प्रेक्षक म्हणूनच घोड्याच्या पायांआधीं त्याचे कान पाहतो.

घोडेवाल्यांचा एक जुना अनुभव असा, कीं डाव्या अंगास पाहून सोडून दिलेल्या वस्तूस घोडा परततांना उजव्या अंगास पुन्हां बुजतो. त्यावरून घोड्याच्या मेंदूच्या दोन भागांत दळणवळणच नसतें, असा समज पसरला होता. प्रयोगांनीं तो खोटा ठरविला आहे. एका डोळ्यानें शिकलेली गोष्ट घोडा दुसऱ्या डोळ्यानेंही ओळखतो. परंतु तीच वस्तु उलट बाजूनें पाहिली म्हणजे तिचें रूप बदलतें, आणि बदललेलें रूप त्यास नवें वाटूं शकतें. स्वाराच्या दृष्टीनें परिणाम एकच.

या स्वभावाची सर्वांत कठीण परीक्षा ड्रेसाज या प्रकारांत होते. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा रेतीच्या रिंगणांत घोडा आणि स्वार एकटेच असतात. प्रत्येक हालचालीस पंच शून्य ते दहा असे गुण देतात. आठ गुणांची चाल चालली असतां घोडा एक पाऊल बाजूस सरला तर त्या हालचालीचे गुण गेलेच. शिवाय ताठरलेली पाठ सैल होईपर्यंत पुढच्या दोन-तीन हालचालीही बिघडतात. पुन्हां करून दाखवितों, असें म्हणण्याची सोय नाहीं. वर्षांनुवर्षांची मेहनत अशी एका खुर्चीच्या खडखडाटानें वाया जाऊं शकते. 2023 सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघानें सुवर्णपदक मिळविलें, आणि मुंबईचा हृदय छेडा त्या संघांत होता. अश्वक्रीडेंतील भारताचें त्यापूर्वींचें सुवर्ण 1982 सालचें, म्हणजे 41 वर्षांमागचें. अशा पदकाच्या पाठीमागें अक्षरशः श्वास रोखून बसलेला प्रेक्षकवर्गही लागतो.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. 2006 सालीं जर्मनींतील आखेन येथें जागतिक स्पर्धांमध्यें संगीताच्या तालावरील ड्रेसाज चालू असतां डेन्मार्कचा आंद्रेआस हेल्गस्ट्रांड आणि त्याची नऊ वर्षांची घोडी मातीन यांनीं असा रंग भरला, कीं प्रेक्षक भान विसरून संगीताबरोबर टाळ्यांचा ठेका धरूं लागले. घोडी डगमगली नाहीं; जोडीस रौप्यपदक मिळालें. तो प्रसंग पाहणारे आजही त्याची आठवण काढतात. पण त्यावरून प्रत्येक ठिकाणीं ठेका धरावा असें ठरविणें धोक्याचें होय. मातीन निभावून गेली म्हणून तिच्यामागून येणारा घोडा निभावेल, याची हमी कोण देणार?

उड्यांच्या स्पर्धेंत वातावरण मोकळें असतें. घोडा चालता आहे तोंवर शांतता आणि शेवटचा अडथळा ओलांडतांच गर्जना, असा रिवाज आहे. येथें एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. कित्येकदां पुढचा घोडा आधींच रिंगणांत आलेला असतो. यजमान देशाच्या आवडत्या स्वारानें निर्दोष फेरी पुरी केली, कीं उसळणारी ती गर्जना या बिचाऱ्याच्या डोक्यावर फुटते. घंटा झाल्यावर आरंभ करण्यास मिळणारे 45 सेकंद अनुभवी स्वार अशा वेळीं पुरेपूर वापरतो: एक संथ वर्तुळ घेतो, मानेवर हात फिरवितो आणि गलका ओसरूं देतो.

रानावनांतील दौडीचा प्रश्न निराळा. तेथें अडचण आवाजाची कमी आणि प्राणाची अधिक. इंग्लंडांतील बॅडमिंटन येथें 1949 पासून होणाऱ्या स्पर्धेंत प्रेक्षक दोरांच्या कडेनें मैलोन्‌मैल पसरलेले असतात. वरच्या दर्जाच्या दौडीचा वेग मिनिटास 570 मीटर, म्हणजे सेकंदास साडेनऊ मीटर असतो. वाट ओलांडण्यास कोणी सहा सेकंद घेतले, तर तेवढ्यांत घोडा सत्तावन्न मीटर पुढें आलेला असतो. म्हणून राखणदाराची शिटी वाजतांच जागच्या जागीं थांबणें आणि कुत्रें साखळीला बांधून ठेवणें, या नियमांना तेथें कोणी हसत नाहीं.

मात्र सारा दोष प्रेक्षकांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तोक्यो ऑलिंपिकमध्यें, 2021 च्या ऑगस्टांत, साथीमुळें प्रेक्षागृह रिकामें असतांही उड्यांच्या पात्रता फेरींत घोडे बुजले, अशी तक्रार कांहीं स्वारांनीं केली. दहाव्या अडथळ्याजवळ शोभेसाठीं सुमो मल्लाचा पुतळा उभा केला होता, आणि वळण घेतांच त्याची भली मोठी पाठ समोर येत होती! शोभा कोणासाठीं, हा प्रश्न संयोजकांनींही स्वतःस विचारावयास हवा.

स्वारही आपल्या परीनें तयारी करतात. छत्र्या, निशाणें, फडफडणारें कापड आणि ध्वनिवर्धकावरून वाजविलेल्या टाळ्या यांची ओळख घोड्यास घरींच हळूहळू करून दिली जाते. उड्यांच्या स्पर्धेंत कानांत बोळे घालण्याची मुभा असते. ड्रेसाजच्या परीक्षेंत ती नाहीं. पारितोषिक समारंभांत मात्र आहे, आणि हें शहाणपणाचेंच आहे. कारण बॅंड, झेंडे आणि अनेक घोड्यांची एकदम दौड यांमुळें खरा गोंधळ तेथेंच उडतो.

आखेनच्या वार्षिक स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीं निरोपाची एक प्रथा आहे. देशोदेशींचे स्वार घोड्यांसह मैदानांत फिरतात, आणि हजारों प्रेक्षक उभे राहून पांढरे रुमाल हालवितात. दहा-वीस रुमाल अवचित फडकले तर रानांतला घोडा दिगंतापार जाईल. येथें चोहोंकडे हजारों फडफडत असतात, आणि त्यांमधून कांहीं घोडे कान टवकारून, कांहीं तिरक्या पावलांनीं, तर कांहीं जुने जाणते लगाम सैल सोडून शांतपणें निघून जातात.